नाव न छापण्याच्या अटीवर

पिंप्राळा, जळगाव
दि. ९ मार्च १९९२

प्रिय निंबा,

सप्रेम नमस्कार. तू, वहिनी आणि मुलं खुशाल असाल. इकडे आम्ही तिघंही बरे आहोत. दोन वर्षं माझ्याकडून एक ओळ नाही आणि आज एकदम हे जाड पाकीट, म्हणून दचकू नकोस. बातमी चांगली आहे. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे तू पुढचं नीट बसून वाचशील.

अक्षर माझं नाही हे तुझ्या लक्षात आलंच असेल. सुगंधा लिहून घेते आहे. चष्म्याचा नंबर वाढलाय आणि डॉक्टरांनी बारीक काम कमी करा म्हणून सांगितलंय. मी बोलतो, ती लिहिते. मधे मधे "हळू बोला, मी काही टेलिप्रिंटर नाही" म्हणते.

पिंप्राळ्यात आम्ही दोन खोल्या घेतल्या आहेत. पुढे थोडं अंगण आहे, तिथे सुगंधाने कढीपत्ता लावलाय. बेबी सातवीत आहे. ऊन आत्ताच इतकं कडक झालंय की दुपारी रस्त्यावर कुत्रंही दिसत नाही. ऑफिसात मी आता टेबलावर असतो. तालुक्या-तालुक्यांतून वार्ताहरांची पाकिटं येतात ती फोडायची, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं, मथळा द्यायचा. एके काळी मी पाकिटं पाठवायचो, आता फोडतो. काम वाईट नाही. पंख्याखाली असतं.

आता बातमी. निंबा, भागाबाई जिवंत आहे.

परवा शुक्रवारी मी तिला दोंडाईच्याला बघितलं. तिच्या हातचा चहा प्यालो. शिव्याही खाल्ल्या. हे वाक्य लिहून सुगंधाने पेन खाली ठेवलं आहे आणि ती डोळे पुसते आहे. तूही पाणी पिऊन ये. मग पुढचं वाच.

तुला माहीत असलेलं काही पुन्हा लिहितो, कारण हे पत्र तू वहिनींना वाचून दाखवावंस असं मला वाटतं. तू त्यांना सगळं सांगितलं नसशील. मी तुला कॉलेजपासून ओळखतो. अमळनेरच्या होस्टेलात तुला ताप आल्याचंसुद्धा तू कुणाला सांगायचा नाहीस.

तर वहिनी, मी तेव्हा शिरपुरात राहून जळगावच्या पेपरला बातम्या पाठवायचो. उत्तरेला सातपुडा. डोंगरात एक नाला, अलीकडे आपलं राज्य आणि पलीकडे मध्य प्रदेश. साग अलीकडे तुटायचा आणि पलीकडे विकला जायचा. अलीकडचे शिपाई नाल्यापर्यंत यायचे आणि थांबायचे, कारण पुढे त्यांची हद्द नाही. तोडणाऱ्यांकडे बंदुका होत्या. पाड्यावरच्या माणसांना टोळीवाले खबरे म्हणून मारायचे आणि सरकारी माणसं चोर म्हणून उचलायची. अशा ठिकाणची बातमी कशी आणायची हे मला कुणी शिकवलं नव्हतं. आपलं आपण शिकलो. फोनवर गावाचं नाव घ्यायचं नाही, कारण ट्रंककॉल लागेपर्यंत अर्धं पोस्ट ऐकत उभं असतं. कुणाच्या घरी सरळ जायचं नाही. आधी फाट्यावर बसायचं, वारा कुठून वाहतोय ते बघायचं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे परतीची बस चुकवायची नाही. बातमी छापून आली की ठाण्यातून बोलावणं यायचं, आणि बाजाराच्या दिवशी टोळीचा एखादा माणूस खांद्याला खांदा लावून चालायला लागायचा. दोघांचा प्रश्न एकच असायचा, "कोणी सांगितलं?"

सांगायची भागाबाई. खैरपाड्याच्या फाट्यावर, जिथे आमची एसटी वळून माघारी यायची, तिथे तिचं चहाचं छप्पर होतं. नवरा मागेच वारलेला, मूलबाळ नाही. जंगलात जाणारा आणि जंगलातून येणारा प्रत्येक माणूस तिच्या बाकड्यावर बसायचा. ती कुणाला काही विचारायची नाही, म्हणून सगळे तिच्यासमोर बोलायचे. मी बातमीत "विश्वसनीय सूत्रांकडून समजते" असं लिहायचो, तेव्हा ते सूत्र तिकडे चहात आलं किसत असायचं.

एकोणनव्वदच्या हिवाळ्यात त्या पट्ट्यात एका वनरक्षकाचा खून झाला. कोवळा पोरगा होता, नुकतंच लग्न झालेला. तेव्हा मुंबईहून निंबा त्याच्या पेपरसाठी बातमी करायला आला. मी त्याला फाट्यावर नेलं, कारण त्या दिवशी सकाळी तो पोरगा कुणाच्या जीपमधून गेला ते भागाबाईने पाहिलं होतं. जीप एका ठेकेदाराची होती. ठेकेदार स्वतः आत बसलेला होता. त्याचं नाव मी अजूनही कागदावर लिहीत नाही, सवय झाली आहे.

निंबा, तू तिला म्हणालास, "अक्का, तुमचं नाव कुठेही येणार नाही." तुझ्या बोलण्यात खोट नव्हती. मी शेजारीच बसलो होतो. ती म्हणाली, "मना जीव जावाले नको भाऊ, इतलंच दख."

मग तू तिचा फोटो काढलास. छापायला नव्हे. चुलीच्या धुरात उभी राहून ती हसत होती, तुला आवडली म्हणून काढलास. प्रिंटच्या मागे पेन्सिलीने लिहिलंस, 'भागाबाई, चहावाली, खैरपाडा फाटा'. प्रत्येक फोटोच्या मागे लिहायचास तसंच. बाकीच्या फोटोंबरोबर तोही ऑफिसात राहिला, तुला दुसऱ्या कामावर पाठवलं, आणि डेस्कवर कुणाला तरी पानात जागा भरायची होती. बातमीत तिचं नाव कुठेच नव्हतं. फोटोखाली होतं.

पेपर रविवारी शिरपुरात पोचला. मी त्या दिवशी धुळ्याला होतो. सोमवारी सकाळी फाट्यावर गेलो तर छप्पर जळून गेलेलं. बाकड्याचे चार पाय काळे होऊन उभे होते. पाड्यावरचं एक माणूस तोंड उघडेना. कुणी खुणेने नाल्याकडे हात केला, कुणी नुसती मान हलवली. मी तुला फोन लावला आणि "भागाबाई गेली" एवढंच बोललो. त्यानंतर तुझं एक पत्र आलं, "तोंड दाखवायला जागा उरली नाही," आणि मग काही नाही. तू बाहेरचं काम सोडून सिनेमाचं पान लावतोस असं मला दुसऱ्याकडून कळलं. शिरपुरात मलाही करमेना. जळगावात बरी नोकरी मिळत होती, बेबीच्या शाळेचाही प्रश्न होता, म्हणून आम्ही इकडे आलो.

आता असलमभाई. तुला आठवेल, खैरपाड्याच्या गाडीचा ड्रायव्हर. दाढी मेंदीची, आवाज मोठा. माझं बातम्यांचं पाकीट तोच आणायचा आणि जळगाव गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती द्यायचा. तुझे फिल्मचे रोलही त्याच्याच जेवणाच्या डब्यातून खाली आले होते. आम्ही जळगावात आल्यावरही तो इकडे ड्यूटी लागली की घरी यायचा. बसायचा, चहा प्यायचा, फारसं बोलायचा नाही. मला वाटायचं वयामुळे असेल.

गेल्या महिन्यात तो रिटायर झाला. त्यानंतर एका रविवारी सकाळी नसीमभाभीला बरोबर घेऊन आला. नवा पांढरा शर्ट. मी म्हटलं, मुलीचं लग्न ठरलं की काय? तो खुर्चीवर टेकला आणि म्हणाला, "भाऊ, गुस्सा करायचा तर करा. पण आधी ऐकून घ्या. भागाबाई हयात आहे."

 सुगंधाच आतून आली आणि तिने विचारलं, "काय म्हणालात?"

त्याने सांगितलं ते असं. त्या रविवारी डेपोच्या कँटीनमध्ये कुणीतरी भजी बांधून आणलेला पेपर पसरलेला होता, ताजाच. त्यात त्याला फोटो दिसला. त्याला मराठी वाचता येतं. "नाव वाचलं आणि भजी तिथेच टाकली," म्हणाला. दुपारची खैरपाड्याची गाडी त्याचीच होती. फाट्यावर गाडी पोचल्यावर तो नेहमीसारखा चहाला गेला नाही. छपरात जाऊन तिला म्हणाला, "अक्का, स्टोव्ह घे, किटली घे, गाडीत बस." ती म्हणाली, दूध तापेल शे. तो म्हणाला, सांडू दे. तिला त्याने आपल्या केबिनमध्ये बसवलं, वरून स्वतःची घोंगडी दिली आणि गाडी वळवली. उतारावर समोरून एक जीप वर आली. असलमभाईने हॉर्न दिला, जीपने बाजू दिली. एसटीला बाजू द्यावीच लागते, असं सांगताना तो पहिल्यांदा हसला.

शिरपुराहून दुसरी गाडी, मग तिसरी, आणि दुसऱ्या दिवशी ती दोंडाईच्यात, नसीमभाभीच्या माहेरच्या गल्लीत. ते लोक स्टेशनाजवळ राहतात, मिरच्यांच्या वखारीत कामाला जातात. तिथे ती सहा महिने घराबाहेर पडली नाही. मग स्टेशनासमोर चहाची गाडी लावली.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं. आवाज चढला असेल माझा.

तो म्हणाला, "तिने शपथ घातली. माझ्या नातवाच्या डोक्यावर हात ठेवायला लावला. म्हणाली, बठ्ठासले सांग, सगळ्या गावले सांग, पन पेपरवालाले सांगू नको."

 मग नसीमभाभी फिसकन हसली, सुगंधा हसली, मीही हसलो आणि निंबा, हसता हसता मला रडू कोसळलं. असलमभाई माझ्या पाठीवर हात फिरवत राहिला. "दर वेळेला वाटायचं, आज बोलून टाकू," म्हणाला. "तुमचं तोंड बघवायचं नाही. पण नातवाची शपथ होती, आणि तो माणूस बाहेर होता."

तो माणूस आता आत आहे. डिसेंबरात ठेकेदार पलीकडच्या बाजूला पकडला गेला. त्याच्याच दोन माणसांचं आपसात फाटलं आणि एकाने सगळं ओकून टाकलं. जामीन मिळालेला नाही. हे कळल्यावरच भागाबाईने असलमभाईला शपथेतून मोकळं केलं.

शुक्रवारी आम्ही दोंडाईच्याला गेलो. स्टेशनाबाहेर आलो तर सगळीकडे लाल मिरच्या वाळत घातलेल्या, ठसक्याने सुगंधाच्या डोळ्यांतून पाणी. मला वाटलं ओळखू येईल की नाही. पण तिची पाठ बघूनच कळलं. ती कुणाला तरी ओरडत होती, "कप धोईन ठेव, मी काय तुनी मोलकरीन शे का?" मी पुढे होऊन नुसतं "अक्का" म्हटलं. ती वळली. 

"आसा काय दखस? भूत शे का मी?" म्हणाली. "बस. आधी चहा पी, मंग रड."

चहात आलं होतं. तुझी चौकशी केली तिने. "तो मुंबईना पोऱ्या कसा शे?" मी म्हटलं, तो फार खचला आहे, अक्का, त्याने मुद्दाम नाही केलं. ती म्हणाली, "माले मालूम शे. मुद्दाम करनारा आसा लाजत नही." आणि मग पदर सावरून, "फोटो बरा व्हता रे भो. पन पदर ते नीट करू देता!"

आता थोडं पडतो. सकाळपासून बोलतो आहे. उरलेलं संध्याकाळी.

—

निंबाभाऊजी, मी सुगंधा. हे पडलेत आणि झोप लागली आहे. ही ओळ त्यांनी सांगितलेली नाही, मी माझ्या मनाने लिहिते आहे. राग आला तर माझ्यावर काढा.

तुम्हाला चष्म्याचं सांगितलंय. चष्म्याला काही झालेलं नाही. यांच्या उजव्या हाताची बोटं मोडलेली आहेत. अंगठा आणि पहिलं बोट हलतं, बाकीची तीन वळत नाहीत. सही करतात, पण पत्र लिहिणं होत नाही. ऑफिसात टाइप करायला माणूस दिलाय म्हणून नोकरी चालली आहे. शिरपूर आम्ही बेबीच्या शाळेसाठी सोडलं नाही.

छप्पर जळलं त्याच आठवड्यातली गोष्ट. भरदिवसा तीन माणसं दारात आली. मी तांदूळ निवडत होते. "पाटीलसाहेब आहेत का, जरा बोलायचंय," इतकं गोड. हे चपला घालून गेले. दिवेलागणीला परत आले तेव्हा हात टॉवेलात गुंडाळलेला. मला म्हणाले, स्कूटर घसरली. स्कूटर दारातच उभी होती, भाऊजी.

त्यांना लाकडाच्या वखारीत नेलं होतं. भागाबाई त्यांच्या हातून निसटली होती आणि तिने काय काय सांगितलं ते त्यांना हवं होतं. हे म्हणाले, तिने काहीच सांगितलं नाही, तिला काही ठाऊकच नाही; जीप मी पाहिली, बातमी माझी आहे. दुसऱ्यांदा विचारलं, हेच सांगितलं. मग जीपचं दार लावलं. मधे हात होता. ती तेव्हा कधीच दोंडाईच्यात पोचली होती, पण यांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं ती कुठे तरी रानात लपली असेल आणि आपण बोललो तर सापडेल. पुढे महिने गेले, तिचा काहीच पत्ता नाही, तेव्हा ती त्यांच्या हाती लागलीच असं यांनी धरलं.

हे तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी मला बजावलं होतं. "निंबा आधीच मेल्यासारखा झालाय," म्हणायचे. खरं सांगते, मी तुमच्यावर फार चिडले होते. यांना भात कालवून देताना तुमची आठवण व्हायची आणि ती चांगली नसायची. दोनदा मी तुम्हाला पत्र लिहिलं आणि चुलीत घातलं.

पण शुक्रवारी त्या बाईने यांना चहा दिला तेव्हा यांनी डाव्या हाताने कप घेतला. तिने लगेच विचारलं, "तुना हातले काय व्हयनं?" हे म्हणाले, स्कूटर घसरली. तिने माझ्याकडे पाहिलं. तेवढ्यानेच तिला समजलं. तिने यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, एकेक बोट चाचपून पाहिलं आणि म्हणाली, "मन्हासाठे?" हे मान खाली घालून बसले. ती बाई, जिच्या डोळ्याला छप्पर जळाल्याचंही पाणी आलं नव्हतं असं असलमभाई सांगतात, ती रडायला लागली. गिऱ्हाईक उभं राहिलं होतं. कुणीतरी स्वतःच स्टोव्ह बारीक केला.

परत येताना गाडीत हे खिडकीशी बसले आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गाणं गुणगुणले. सूर नेहमीसारखाच वाईट होता. तेव्हाच माझा तुमच्यावरचा राग गेला. कुठे गेला मलाच कळलं नाही. तो गेला हे तुम्हाला सांगायला हे लिहिलं, आणि राग गेला हे सांगायचं तर तो कशाचा होता तेही सांगायला हवं होतं. तुम्ही या. आमच्या लग्नात तुम्ही माझ्याकडून तीन वेळा पुरणपोळी मागून घेतली होती, तसे या.

—

निंबा, मी उठलो. सुगंधाने मधे काय लिहिलं ते वाचलं. पानं फाडणार होतो. ती म्हणाली, "फाडा. मी पुन्हा लिहीन, मला पाठ आहे." म्हणून राहू दिली आहेत.

आता लपवण्यासारखं उरलं नाही तर थोडं सांगतो. मी शूर वगैरे नव्हतो. वखारीत माझे पाय इतके कापत होते की एकाने मला ओंडक्यावर बसवलं. मी भागाबाईवर काही येऊ दिलं नाही, कारण तिच्यासाठी करण्यासारखं माझ्याकडे तेवढंच एक उरलं होतं, आणि तू दिलेला शब्द निदान माझ्याकडून तरी पाळला जावा असं वाटलं. तो शब्द माझ्यासमोर दिलेला होता, म्हणजे अर्धा माझाही होता. एवढंच.

हाताचं मला फारसं काही वाटत नाही. खरंच. वाटायचं ते हे की हात गेला आणि बाईही वाचली नाही. दर बाजाराच्या दिवशी वाटायचं. पिंप्राळ्याच्या बाजारात कुणी आलं किसताना दिसलं तरी मी वाट बदलायचो. टेबलावर एखाद्या वार्ताहराचं पाकीट यायचं, आत माणसांची नावं, गावं, कोण काय बोललं ते सगळं खुशाल लिहिलेलं. मी ती नावं लाल शाईने खोडत बसायचो. संपादक म्हणायचे, "पाटील, तुमच्या पानात माणसं कमी आणि सूत्रं जास्त असतात." त्यांना काय सांगणार.

आणि आता ती बाई दोंडाईच्याच्या स्टेशनासमोर उभी राहून गिऱ्हाइकांना शिव्या देते आहे. निंबा, तू आणि मी दोघंही सुटलो रे. हे तुला मुंबईत बसून पटणार नाही. तिचा आवाज ऐकायला हवा.

तो ऐकायला तुला यायचंच आहे, कारण अजून एक काम आहे. निघताना मी तिला विचारलं, अक्का, आता काही हवं आहे का? ती म्हणाली, हो. वनरक्षकाच्या खुनाचा खटला पुढच्या महिन्यात धुळ्याच्या कोर्टात उभा राहतो आहे. जीपमध्ये कोण होतं ते पाहिलेली ती एकटी. सरकारी वकिलांकडे तिने असलमभाईबरोबर आधीच निरोप धाडला आहे. मला न विचारता. "मी दखं शे, मी सांगसू," म्हणाली. "त्या पोऱ्यानी बायको लहान शे. तिले कोनी सांगनार शे?"

मी घाबरलो. म्हटलं, अक्का, नीट विचार केलास ना? ती म्हणाली, "तवय मी फाटावर एकली व्हती. आठे दख." आणि हात फिरवून दाखवला. मिरच्या पसरणाऱ्या बाया, हमाल, नसीमभाभीचे भाऊ, एक रिक्षावाला, सगळे आमच्याचकडे बघत होते. पोलीसही दोन दिले आहेत तिला. त्यांना ती फुकट चहा देत नाही म्हणे.

मी म्हटलं, बरं, कोर्टात सांग, पण पेपरात तुझं नाव येणार नाही याची मी काळजी घेईन. त्यावर ती अशी उसळली की काय सांगू. "काबर? कोरटमा बठ्ठासना समोर नाव सांगसू, आनि पेपरमा लपाडसू? आते लिख. त्या मुंबईवाला पोऱ्याले बोलाव, त्यालेच लिखू दे. तवय त्यानी न इचारता छापं. आते मी देस."

ती देते आहे, निंबा. आपण होऊन.

तुझ्या संपादकांना सांग की धुळ्याला जायचंय. नाही पाठवलं तर रजा टाक. सिनेमाचं पान एक दिवस दुसरं कुणीतरी लावेल. साक्षीची तारीख कळली की तार करतो. आदल्या दिवशी आमच्याकडे उतर; पुरणाचं सुगंधाने ठरवून टाकलं आहे. असलमभाईही येणार आहे. त्याला कोर्टाच्या आवारात गाडी कुणी कशी लावली यावर टीका करायची आहे. मी तुझ्या शेजारी बसेन. तू लिही, मला लिहिता येत नाही, पण ऐकू सगळं येतं.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. आणि बातमीत लिहायचं ते तिने सांगितलं तसं खाली देतो. नवऱ्याचं नाव मधे हवंच आहे. तो असता तर तोही आला असता, म्हणते.

भागाबाई चिंधा सोनवणे, धंदा चहा, राहणार दोंडाईचा.

शुक्रवारपासून रोज रात्री गाढ झोपणारा
तुझा
अभिमन